तुमचे प्रश्न : बांध नसलेलं शिवार

मागच्या अंकात लॅक्सटनवर लिहिलं त्यावर एवढी पत्रं आणि मेल आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लॅक्सटन हे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातलं छोटंसं खेडं आहे, न्यूअर्क शहराच्या वायव्येला, जेमतेम काहीशे वस्तीचं. तिथे आजही मध्ययुगातल्या पद्धतीची शेती चालू आहे. गावाभोवती तीन मोठी शिवारं आहेत, वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साऊथ फील्ड, तिन्ही मिळून सुमारे ४८० एकर. आत कुंपण नाही, बांध नाही, नुसते लांबच लांब पट्टे, आणि प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शिवारांत विखुरलेले. या सगळ्यावर लक्ष ठेवायला गावाचं स्वतःचं एक जुनं न्यायालय आहे, त्याला कोर्ट लीट म्हणतात. आता प्रश्नांकडे वळते.

प्रश्न : मॅडम, लेख वाचून आमच्या घरात चार दिवस हाच विषय चालू होता. आमच्या भावकीत हात-दीड हात बांधावरून तालुक्याला केस चालू आहे, ज्यांनी टाकली ते वारले तरी केस चालूच. तुम्ही म्हणता तिथे बांधच नाही. मग शेजारचा कोरत कसा नाही? (एक शेतकरी, वाळवा तालुका)

दादा, कोरतो ना! तिथलाही माणूस माणूसच आहे, नांगर शेजाऱ्याच्या अंगावर थोडा सरकतोच, कधी मुद्दाम तर कधी ट्रॅक्टर वळवताना. फरक एवढाच की तिथे ही गोष्ट वर्ष सरायच्या आत सगळ्यांसमोर उघडी पडते.

कशी ते सांगते. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार म्हणजे गावात ज्युरी डे. बारा पंच आणि त्यांचा एक म्होरक्या, सगळे गावातलेच, बहुतेक तिथेच पट्टे कसणारे. सकाळी पबपाशी जमतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शिवारात जातात. दरवर्षी एकच शिवार तपासायचं, ज्यात त्या वर्षी हिवाळी गहू पेरलाय ते, म्हणजे तीन वर्षांत तिन्ही शिवारं नजरेखालून जातात. आणि वेळ बघा कशी निवडलीय, ऑक्टोबरात पेरलेला गहू नोव्हेंबर संपेपर्यंत बोटभर वर आलेला असतो, काळ्या-लाल मातीवर हिरव्या ओळी अशा स्वच्छ दिसतात की कुणाची ओळ कुठे वाकली ते लपवताच येत नाही.

मी एकदा लांबून त्यांच्या मागे चालले होते. तिथली माती चिकण, पावसाने भिजली की बुटाला किलोभर चिकटते, पाऊल उचलताना आवाज येतो. ट्रॉलीत ताज्या तासलेल्या लाकडी खुंट्यांचा ढीग. एक जण पट्ट्याच्या या टोकाला उभा राहतो, दुसरा त्या टोकाला, तिसरा पावलांनी रुंदी मोजतो, मग एक डोळा मिटून सरळ रेषा बघायची, आणि जिथे हद्द ठरली तिथे खुंटी ठेवून वरून मोगरीचे घाव. दोन पट्ट्यांच्या मध्ये नांगराची एक सरी, बस, तेवढीच हद्द. कुणी गवताच्या गाडीवाटेत नांगर घातलाय का, कुणी चर बुजू दिलाय का, हेही त्याच फेरीत बघतात आणि लिहून घेतात. हे चालू असताना ज्याची चूक निघाली तो कधीकधी तिथेच उभा असतो, पंचांत असतो! कुणी आवाज चढवत नाही, कारण या वर्षी तू माझा पट्टा मोजतोयस तर पुढे कधीतरी मी तुझा मोजणार आहे, हे दोघांनाही ठाऊक.

मग दुपारी सगळे पबमध्ये एकत्र जेवतात. ज्याच्या नावावर चूक लिहिली तो आणि ज्याने लिहिली तो एकाच टेबलावर.

आठवड्याने त्याच पबमध्ये कोर्ट भरतं. जहागीरदाराने नेमलेला स्टुअर्ड, म्हणजे कारभारी म्हणा, अध्यक्ष असतो, पंच आपला अहवाल देतात, दंड ठरतो, पुढच्या वर्षीच्या पंचांना शपथ दिली जाते आणि कामकाज संपतं. दंड मोठा नसतो हो, पण गावासमोर नाव वाचलं जातं ते जास्त लागतं. आणि हे लुटुपुटूचं कोर्ट समजू नका, १९७७ साली ब्रिटनमध्ये एक कायदा झाला आणि अशा बहुतेक जुन्या न्यायालयांचे न्यायनिवाड्याचे अधिकार काढून घेतले गेले, लॅक्सटनचे मात्र मुद्दाम ठेवले.

तुमच्या केसबद्दल मी काय बोलणार दादा, तो कायद्याचा विषय आहे आणि त्यातली वेदना तुमची तुम्हालाच माहीत. पण मला नेहमी वाटतं की बांधाचं भांडण पहिल्या वर्षी वीतभर असतं, तेव्हा ते मोजायला कुणी येत नाही, आणि वीस वर्षांनी मोजणीवाले येतात तेव्हा भांडण जमिनीचं राहिलेलंच नसतं. लॅक्सटनला ते वीतभर असतानाच मोजतात.

प्रश्न : एकाच माणसाचे पट्टे तीन ठिकाणी विखुरलेले ठेवण्यात काय शहाणपण? आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला, गटवारी झाली, सगळं एकत्र करण्यावर भर होता. (निवृत्त तलाठी, चंद्रपूर)

काका, तुमच्या नोकरीतला अनुभव बघता हा प्रश्न तुम्ही विचारणं साहजिक आहे, आणि वेळ जातो, डिझेल जातं, हा तोटा तिथले शेतकरीही मान्य करतात. पण ही पद्धत बसली ती तिपाळीवर. एक शिवार हिवाळी गव्हाला, दुसरं वसंतात पेरायच्या पिकाला, तिसरं पड. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे. आता समजा तुमची सगळी जमीन एकाच शिवारात असली तर दर तिसऱ्या वर्षी तुमच्या घरात दाणाच नाही! म्हणून प्रत्येकाचे पट्टे तिन्हीकडे हवेतच. शिवाय एका शिवारातही बरी जमीन आणि पाणी साचणारी जमीन, जवळची आणि लांबची, असं सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं यायचं. गारपीट झाली, एका कोपऱ्यात रोग पडला, तरी एकच घर पूर्ण बुडत नव्हतं.

आणि पडीचं शिवार रिकामं नसायचं. तिथे आणि कापणीनंतरच्या धसकटांत गावाची गुरं-मेंढरं एकत्र चरायची, त्यांचं शेण तिथेच पडायचं, आणि हे जमायचं तर सगळ्यांनी एकाच वेळी पेरून एकाच वेळी कापायला हवं, एकाने उशीर केला तर सगळ्या गावाची गुरं अडून बसणार. म्हणून कोर्ट लागायचं. केव्हा शिवार गुरांना मोकळं करायचं, कुणी किती जनावरं सोडायची, हे सगळं तिथे ठरायचं. चुकार जनावर सापडलं तर कोंडवाड्यात, त्याला एक वेगळा माणूस नेमलेला असायचा, पिंडर म्हणायचे त्याला. आता पडीच्या शिवारात बहुधा चाऱ्याचं पीक घेतात, नुसतं कोरं ठेवत नाहीत.

पट्टे असे लांबट का, हे तुम्हाला मोजणीच्या सवयीने लगेच कळेल. सहा-आठ बैलांचा जड नांगर वळवणं म्हणजे मोठा खटाटोप, त्यामुळे जितकं सरळ जाता येईल तितकं जायचं, साधारण २२० यार्ड, आणि मग वळायचं. त्याला २२ यार्ड रुंदी धरली की झाले ४,८४० चौरस यार्ड, म्हणजे एक एकर. तोच एकर पुढे इंग्रजांच्या मोजणीबरोबर आपल्याकडे आला आणि त्याचे ४० गुंठे गावोगावी अजून लोकांच्या तोंडी आहेत.

एकत्रीकरणाचं म्हणाल तर लॅक्सटनमध्येही ते झालंय बरं का, पण जपून. १६३५ च्या मोजणीत दोन हजारांवर पट्टे होते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या जमीनदाराने शेजारशेजारचे पट्टे जोडून ते मोठे आणि संख्येने खूप कमी केले, म्हणून तर आज त्यात ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर चालू शकतो. तिपाळी आणि कोर्टाला हात लावला नाही.

प्रश्न : पूर्ण इंग्लंडमध्ये आधी अशीच शेती होती का? मग हे एकच गाव कसं काय वाचलं? (इतिहासाची विद्यार्थिनी, पुणे)

पूर्ण नाही, पण मधल्या पट्ट्यात, ज्याला मिडलँड्स म्हणतात तिथे, शेकडो वर्षं हेच रूप होतं. मग एन्क्लोजर आलं. एन्क्लोजर म्हणजे काय तर सामाईक शिवार मोडायचं, प्रत्येकाला एका जागी सलग तुकडा द्यायचा, भोवती काटेरी झुडपांचं कुंपण लावायचं आणि एकमेकांच्या जमिनीवरचे जुने हक्क संपवायचे. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने असे सुमारे ५,२०० कायदे केले आणि त्यात इंग्लंडची साधारण ६८ लाख एकर जमीन, म्हणजे देशाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त, कुंपणात गेली. त्यातला जोर १७६० ते १८३० च्या आसपासचा.

आज आपण इंग्लंडचे फोटो बघतो, हिरवी शेतं आणि मधून मधून झुडपांच्या रेघा, आपल्याला वाटतं हेच ते पुरातन खेडं. त्यातल्या कितीतरी रेघा जेमतेम दोन-अडीचशे वर्षांच्या आहेत आणि प्रत्येक रेघेच्या पलीकडे कुणाचा तरी हक्क गेलेला आहे. मला हे कळलं तेव्हापासून ते फोटो पहिल्यासारखे बघवत नाहीत.

हक्क कुणाचा गेला? ज्याच्या नावावर जमीन होती त्याला तुकडा मिळाला, मोठ्याला मोठा. पण ज्याच्याकडे नुसती झोपडी आणि एक गाय, आणि ती गाय गायरानात सोडायची रूढी, त्याच्याकडे कागद कुठे होता? कागद असला तरी मिळालेल्या चिमुकल्या तुकड्याला कुंपण घालायचा खर्च त्यानेच करायचा, तो परवडला नाही की तुकडा विकायचा आणि मजुरीला लागायचं, नाहीतर शहरात गिरणीत. अजून एक गोष्ट सांगते जी फार कमी लोकांना माहीत असते. कापणीनंतर शेतात पडलेली कणसं गोळा करायची, आपल्याकडे सरवा वेचणं म्हणतात ना तेच, ही तिथल्या गरीब बायामुलांची जुनी रीत होती, कितीतरी घरांना त्यावर हिवाळ्यातलं काही आठवड्यांचं पीठ मिळायचं. १७८८ साली लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला की सरवा वेचणं हा कायद्याने हक्क नाही, मालकाच्या मर्जीवर आहे. बऱ्याच गावांत लोक पुढेही वेचत राहिले, पण हक्काचं ते उपकाराचं झालं.

आता लॅक्सटन कसं वाचलं. गाव काही क्रांतिकारक वगैरे नव्हतं. थोडी थोडी जमीन तिथेही अठराव्या शतकापासून कुंपणात गेलीच, आज उरलंय ते मूळ शिवारांपेक्षा बरंच कमी आहे. पण पूर्ण मोडायचं तर गावातल्या दोन बड्या जमीनमालकांचं, मॅनव्हर्स आणि स्कारब्रो या दोन अर्ल घराण्यांचं, एकमत व्हायला हवं होतं, ते काही जमेना. असं रेंगाळत रेंगाळत शतक उलटलं, आणि मग लोकांना कळलं की आपल्याकडे जे उरलंय ते आता दुसरीकडे जवळपास कुठेच नाही.

अभ्यासासाठी म्हणून सांगते, फक्त कायदे वाचून थांबू नकोस. लॅक्सटनचा १६३५ चा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे, मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने काढलेला. पट्टा न् पट्टा आहे त्यात, आणि सोबत कुठला पट्टा कुणाचा याची वही. पण मला आवडतात ती त्यातली बारीक चित्रं, नांगर धरलेला माणूस, पेरणारा, कापणी करणारे, पवनचक्क्या. मोजणीच्या कागदावर त्याला हे काढायची काही गरज नव्हती, तरी त्याने माणसं काढली.

प्रश्न : त्या जमिनीचा मालक नक्की कोण? आणि आपल्याकडचा काही संबंध? (एक वाचक, मडगाव)

संबंध आहे, आणि तो गोव्याचाच आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न बघून मला खूप आनंद झाला.

सुरुवातीपासून सांगते. १०६६ ला फ्रान्सच्या उत्तरेकडून नॉर्मन लोक आले आणि इंग्लंड जिंकलं, त्याच्या आधी इथला धनी होता टोकी नावाचा माणूस. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजाने केलेल्या देशभरच्या जमीन-पाहणीत, त्याच्या जागी जेफ्री अल्सेलिन हे नॉर्मन नाव दिसतं. पुढे द कॉ, मग एव्हरिंगहॅम घराणं. आणि १६२० च्या दशकात गाव विकत घेतलं लंडनच्या सर विल्यम कोर्टन या बड्या व्यापाऱ्याने. तो १६३५ चा नकाशा यानेच काढून घेतला, विकत घेतलेल्या मालाची यादी हवी म्हणून.

हाच कोर्टन त्याच सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीला टक्कर द्यायला निघाला होता. राजा पहिल्या चार्ल्सने त्याच्या मंडळींना पूर्वेच्या व्यापाराचा परवाना दिला आणि १६३६ च्या वसंतात जॉन वेडेल या कप्तानाच्या हाताखाली त्यांची जहाजं निघाली, ती त्याच वर्षी गोव्याला पोचली, पोर्तुगीजांच्या अमलातल्या. तिथून पुढे ती चीनपर्यंत गेली, आणि कोर्टनच्या मंडळींनी कारवारला वखारही घातली. कोर्टन स्वतः मात्र जहाजं गोव्याला लागायच्या आधीच वारला. पुढे त्याच्या घराण्याचं दिवाळं वाजलं आणि लॅक्सटन पियरपॉन्ट घराण्याकडे गेलं, मॅनव्हर्सचे अर्ल ते हेच. म्हणजे बघा, ज्या माणसाच्या नकाशात नॉटिंगहॅमशायरच्या चिखलातला नांगऱ्या आहे त्याच माणसाचा पैसा मांडवीच्या तोंडाशी नांगर टाकून उभा होता.

नंतरचं भराभर सांगते. १९५२ ला सहाव्या अर्लने जमीन सरकारच्या शेती मंत्रालयाला विकली, ही पद्धत जपली जावी म्हणून. १९८१ ला मंत्रालयाने ती क्राऊन इस्टेटला दिली, म्हणजे राजमुकुटाच्या मालमत्ता सांभाळणारी संस्था. त्यांनी २०१८ ला सांगितलं की आम्हाला आता विकायचंय, गावात मोठी काळजी पसरली, आणि २०२० ला ती घेतली थोर्सबी इस्टेटने, म्हणजे फिरून त्याच पियरपॉन्ट वारशाकडे. कसणारे शेतकरी या सगळ्या काळात कुळंच राहिली, खंड भरणारी.

प्रश्न : शेरवूड जंगल जवळ आहे म्हणता, म्हणजे रॉबिन हूडचं गाव का हे? (इयत्ता आठवी, नाशिक)

नाही रे बाळा, रॉबिन हूड ही दंतकथा, त्याचं गाव कुठलं ते कुणी सिद्ध केलेलं नाही. पण लॅक्सटनचे द कॉ आणि एव्हरिंगहॅम हे शेरवूडच्या राजाच्या जंगलाचे वंशपरंपरागत रक्षक होते, हरणं मारणाऱ्यांना पकडणारे. म्हणजे रॉबिन हूड खरा असता तर त्याला धरायचं काम यांच्याकडे आलं असतं! त्यांच्या किल्ल्याचं मातीचं टेकाड गावाच्या उत्तरेला अजून आहे. आपल्या गडांसारखे बुरूज-तटबंदी शोधायला जाऊ नकोस, आता फक्त गवताने झाकलेली टेकडी आणि खंदकाची खूण.

प्रश्न : खरं सांगा, हे सगळं पर्यटकांसाठी उभं केलेलं नाटक आहे ना? आजच्या काळात अशी शेती कुणाला परवडणार? (एक वाचक, ठाणे)

नाटक नाही. तिथे बैल नाहीत, जुने कपडे घालून कुणी फिरत नाही, ट्रॅक्टर आहेत, फवारणी आहे, गव्हाचा भाव पडला की तिथेही घरात शांतता पसरते. नियम तेवढे जुने आहेत आणि ते पाळणं प्रत्येकाच्या कुळकराराचा भाग आहे.

परवडण्याचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे आणि त्यावर गोड बोलून मी तुमची फसवणूक करणार नाही. लहान शेती, कुळाने कसलेली, विखुरलेले पट्टे, त्यात आपल्या मनाचं पीक घ्यायची मोकळीक नाही कारण शिवाराच्या पाळीत जे बसतं तेच घ्यायचं. बहुतेकांची शिवाराबाहेर कुंपणातली जमीनही असते, जनावरं असतात, त्यावर घर चालतं. पुढची पिढी शेतीत राहील का ही काळजी तिथे आहेच, आणि कोर्ट चालवायचं तर कसणारी माणसं पुरेशी हवीत. दोन-तीनच मोठे शेतकरी उरले तर बारा पंच आणायचे कुठून? माझ्या मते खरा धोका हा आहे, मालक बदलण्यापेक्षाही मोठा.

आणि टिकवण्यासारखं काय आहे ते विचाराल तर एक गोष्ट डोळ्यांनी दिसणारी सांगते. शिवारातल्या ज्या सखल, ओलसर जागा नांगराला कधीच जमल्या नाहीत, त्यांना तिथे साइक म्हणतात, गवताच्या लांबट पट्ट्या. शेकडो वर्षांत त्यांच्यावर नांगर गेला नाही, खत-औषध जवळपास नाहीच, दरवर्षी गवत कापायचं आणि ते लिलावाने द्यायचं. आज तिथे जी रानफुलं आहेत ती आजूबाजूच्या शेतांतून कधीच गेलीत, म्हणून त्या पट्ट्यांना सरकारने संरक्षित दर्जा दिलाय. पंच दरवर्षी बघतात ना गवतात नांगर घुसलाय का, त्याचा हा परिणाम. कुणी फुलं वाचवायला निघालं नव्हतं, गवत सगळ्यांचं आहे एवढंच सांभाळलं.

प्रश्न : ताई, तिथे ग्रामपंचायत असते का? सरपंच वगैरे? (ग्रामपंचायत सदस्य, संगमनेर)

असते, पॅरिश कौन्सिल. १८९४ च्या कायद्याने सुरू झाली, त्याआधी गावाचा बराचसा कारभार चर्चच्या सभेतून चालायचा. सरपंचाच्या जागी अध्यक्ष असतो पण आपल्या सरपंचाएवढे अधिकार आणि निधी त्याच्याकडे नसतात, बाकडी, दिवे, दफनभूमी, पायवाटा, बांधकाम परवान्यावर मत देणं असली कामं. कोर्ट लीट त्याच्यापेक्षा वेगळं, ते फक्त शिवाराचं बघतं. दोन्हीची गल्लत करू नका.

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो, मुलांना घेऊन जायचा विचार आहे. दिवसभरासारखं काही आहे का तिथे? मुलं लहान आहेत. (एक आई)

नक्की जा. मोठं आकर्षण, झोपाळे, दुकानं असं काही डोक्यात ठेवून जाऊ नका म्हणजे झालं. गाडी पबजवळ लावा, पबचं नाव डव्हकोट इन. त्याच्या आवारात छोटंसं माहिती केंद्र आहे, आधी तिथे जा, म्हणजे पुढे शिवारात गेल्यावर मुलांना आपण काय बघतोय ते कळेल, नाहीतर त्यांना ते नुसतं शेत दिसणार.

मग गावाच्या रस्त्याने चाला आणि मुलांना घरं बघायला सांगा. लाल विटांची, लाल कौलांची बरीच शेतघरं रस्त्याकडे तोंड न करता कड करून उभी आहेत आणि मागे लांब परसू. इंग्लंडच्या दुसऱ्या भागात शेतकऱ्याचं घर बहुतेक वेळा एकटं, दूर शेतात असतं, कारण एन्क्लोजरनंतर जमीन एका जागी आली आणि माणसं तिकडे राहायला गेली. इथे जमीन तिन्ही दिशांना विखुरलेली, जाणार कुठे? म्हणून सगळी घरं गावातच राहिली, आपल्या गावठाणासारखी दाटीने. पूर्वी चुकार जनावरं कोंडायचे तो कोंडवाडाही दाखवा.

सेंट मायकलच्या चर्चमध्ये पाच मिनिटं तरी जा. एव्हरिंगहॅम घराण्यातल्या लोकांचे दगडी पुतळे झोपलेल्या अवस्थेत आहेत, त्यात एका बाईचा पुतळा मात्र ओकच्या लाकडाचा आहे, चौदाव्या शतकातला. लाकूड एवढं टिकतं यावर मुलं विश्वास ठेवत नाहीत. हात लावू देऊ नका.

शिवारात जायला सार्वजनिक पायवाटा आहेत, कुणाला विचारावं लागत नाही, फक्त पिकात शिरायचं नाही आणि कुत्रा असेल तर दोरीला बांधून. फुलं बघायची तर जूनमध्ये जा, गवत कापायच्या आधी. पट्टे नीट दिसायला हवे असतील तर नोव्हेंबर-डिसेंबर, पण मग सगळ्यांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि गाडीत कपड्यांचा एक जास्तीचा जोड, मुलांचे तर दोन ठेवा. जेवण पबमध्ये मिळतं पण कोणत्या वारी स्वयंपाकघर बंद असतं ते निघण्याआधी फोन करून विचारा, कारण गावात दुसरीकडे खायची सोय होईलच असं नाही. शाकाहारी असाल तर तेही फोनवरच सांगून ठेवा.